आजोबांच्या डोक्यावरचा ठिपका

मुलांनो, आजोबांचा आरे-वारेचा फोटो तुम्ही मोठा करून घेणार आहात, म्हणून हे लिहिते.

त्या दिवशी किनाऱ्यावर एक गृहस्थ समुद्राचे फोटो काढत होते. दुबईहून आणलेला त्यांचा डिजिटल कॅमेरा चिऱ्यासारखा जड होता. तो गळ्यात अडकवून ते सारखी मान चोळत आणि खाऱ्या वाऱ्याला शिव्या देत रुमालाने तो पुसत. नाव विचारायचे राहूनच गेले.

आजोबांचे डोळे प्रत्येक फोटोत मिटलेले, अगदी लग्नाच्या अल्बममध्येही! मी धीर करून विचारले, "यांचा एक काढाल?"

"एक कशाला, काकी? ह्यात रोल नाय. शंभर काढतो. काका किती वेळा डोळे मिटतील?"

शर्टाच्या आडोशाला त्यांनी लेन्स बदलली आणि बटण दाबून धरले. खटखटखटखट! लगेच कॅमेऱ्याच्या पडद्यावर आम्ही पाहू लागलो. मिटलेले, मिटलेले, अर्धे... उघडे! मी वाळूत चक्क उडी मारली.

त्यांनी मात्र कपाळावर हात मारला. लेन्स बदलताना आत कण गेला होता आणि प्रत्येक फोटोच्या आकाशात काळा ठिपका उमटला होता. "एवढा महागडा कॅमेरा, पण धुळीपुढे हरतो. कॉम्प्युटरवर पुसून देतो."

"राहू दे हो," आजोबा म्हणाले. "पक्षी बघायला डोळे उघडले, असं नातवंडांना सांगेन."

आणि तुम्हाला ते शेवटपर्यंत तसेच सांगत राहिले. तेव्हा फोटो खुशाल मोठा करा, पण तो पक्षी पुसू नका.