एका दिवसाची कमाई

फी किती असावी या विषयावर माझ्या मोठ्या नणंदेनं जेवढा विचार केला आहे, तेवढा अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात कोणी केला नसेल, आणि कोणी करूही नये. ताई दिग्रसच्या एका खाजगी प्रसूतिगृहात नर्स होत्या. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा पगार थांबला, पेन्शनचा प्रश्नच नव्हता. ताई मात्र थांबल्या नाहीत. गल्लीत कोणाचं बीपी बघ, कोणाच्या पायाचं ड्रेसिंग कर, हे चालूच, तेही फुकट. दुसऱ्यांनी कोणाकडून किती घ्यावं, हे मात्र त्या सगळ्यांना सांगत असतात. गणपतीच्या वर्गणीला आलेल्या पोरांना दारातच थांबवून म्हणाल्या, "साऱ्यायले सारखी वर्गणी काहून? ज्याच्या घरी जेवढे पंखे, तेवढी घ्या." पोरांना नियम पटला आणि त्यांनी पहिले ताईंच्याच घरातले पंखे मोजले. गल्लीत सगळ्यात जास्त निघाले. ताईंनी तेवढी वर्गणी दिली, वर चहा पाजला. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा पुसदला जाताना त्यांनी कंडक्टरला अडवलं, "भाऊ, मास्तरीणबाईले बी अर्धं आन् वावरात निंदणाऱ्या बाईले बी अर्धं, हे कसं?" तो शांतपणे म्हणाला, "मावशी, तुम्ही फुल घ्या, माझं काही म्हणणं नाही."

गेल्या वर्षी नर्सेसच्या नोंदणीची फी वाढणार अशी चर्चा सुरू झाली आणि सूचना ऐकायला संघटनेनं यवतमाळला बैठक ठेवली. ताईंच्या नोंदणीची मुदतही त्याच सुमारास संपत होती. नूतनीकरण केलं नाही तर नाव यादीतून जाणार, आणि मग ताई सिस्टर राहणार नाहीत, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. मी सोबत गेले, कारण ताईंना मध्येच खाली बसवायला कोणीतरी लागतं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सरकारी दवाखान्यातली सिस्टर आन् खाजगीत रातपाळ्या करणारी पोरगी, दोघींले एकच फी. पगार एक हाये काय? जिनं तिनं आपली एका दिवसाची कमाई द्यावी, बस." खाजगीतल्या मुलींनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्यातलीच एक हसून म्हणाली, "मंग मावशी, तुमची त फुकटच झाली." सगळं सभागृह हसलं. ताई हसल्या नाहीत. मी न सांगताच खाली बसल्या.

परतीच्या बसमध्ये दारव्हा आलं. तेव्हा ताई म्हणाल्या, "वहिनी, फुकट भेटते ते लायसन कायचं? तो त एसटीचा पास झाला."

"मग नियम बदला," मी म्हटलं.

"नियम बरोबरच हाये. मीच त्यात बसून नाही राह्यली."

नव्या फीचा निर्णय लागायचा तेव्हा लागेल; ताईंनी जुन्या दरानं पूर्ण फी भरून टाकली. पैसे मुलाकडून घ्यावे लागले, तेच त्यांच्या मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी शेजारचे काका ड्रेसिंगला आले. आयुष्यभर कापसाच्या जिनिंगमध्ये काम केलेला माणूस, शुगरमुळे पायाची जखम भरत नाही. ताई म्हणाल्या, "काका, आजपासून फी लागंल."

मला वाटलं, काका रागावतील. ते म्हणाले, "बरं झालं. रोज फुकटात पाय पुढं कराची लाज वाटे. किती झाले, सिस्टर?"

ताईंना विचारल्याशिवाय राहवलं नाही. "तुमची दिवसाची कमाई किती?"

"कमाई कायची आता? घरीच बसून राह्यलो."

मी पट्टी कापत होते, ती कापत राहिले. काकांनी शर्टाच्या खिशातून एक नोट काढून ट्रेमध्ये ठेवली. ती जास्त होती की कमी, यावर ताई काहीच बोलल्या नाहीत. "पाय वर घ्या," एवढंच म्हणाल्या आणि जखम धुवायला लागल्या.