देवळाला दिलेली सूट

प्लेगच्या त्या हिवाळ्यात मी रोहिणखेडजवळच्या एका गावात शाळामास्तर होतो. वय बावीस, अनुभव शून्य, अक्षर मात्र सुरेख. या अक्षराचा मला फार अभिमान होता, आणि पुढे जे झालं त्यात त्याचा वाटा मोठा आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकतो.

त्याच गावात माझे सख्खे काका-काकू राहत. काका शेती करत आणि रोज सकाळी मारुतीच्या देवळात वीणा धरत. सात वर्षांपूर्वी एका महाराजांनी तिथे अखंड वीणा सुरू केली होती. पहाऱ्यापहाऱ्यानं कोणीतरी ती गळ्यात घालून उभं राही. खाली ठेवायची नाही, हा नियम.

कापूस वेचायला आला आणि घराघरांत उंदीर मरून पडू लागले. मलकापूरहून तहसीलदारांचा हुकूम आला. तीन दिवसांत गाव खाली करा, शिवारात झोपड्या घाला, परत आत जाऊ नका. दवंडी पिटली गेली आणि लोक कुरकुरत का होईना, तुराट्या आणि कडबा घेऊन निघाले. पाटलांची झोपडी दोन खणांची झाली. प्लेगलाही मानपान कळतो, असा त्यांचा समज असावा.

मशिदीतली मंडळी हुकूम मोडतील अशी गावाची खात्री होती. काहींची तर तशी इच्छाच होती. पाटलांनी मला मौलवींकडे पाठवलं. म्हातारे गृहस्थ ओट्यावर बसून चटया गुंडाळत होते.

"मास्तर, आमच्याकडे सांगितलं हाय, साथ आली तं मुलूख सोडून पळू नये," ते म्हणाले.

"मग?"

"मंग काय? शिवार काय दुसऱ्या मुलखात हाय? आमी पळून नाही राह्यलो, बाजूले सरकून राह्यलो."

दुपारची नमाज त्यांनी बाभळीखाली पढवली. गावाची जरा निराशाच झाली.

हुकूम मोडला तो देवळानं. महाराजांनी जाहीर केलं की वीणा जागची हलणार नाही. त्यांच्यासोबत अकरा जण देवळातच राहिले, त्यांत माझे काका. महाराजांनी मला बोलावून घेतलं आणि सरकारला अर्ज लिहायला सांगितला. एवढ्या मोठ्या माणसानं आपल्याला बोलावलं, याचाच मला कोण आनंद! दोन दिवस खपून मी अर्ज लिहिला. 'श्रद्धेवर सक्ती चालत नाही' हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा घातलं.

नायब तहसीलदार घोड्यावरून आले. नाकाला कापराचा रुमाल लावून त्यांनी वेशीबाहेरच अर्ज वाचला.

"झकास लिहिलंय. कोणी लिहिलं?"

मी पुढे झालो. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "सरकार धर्मात हात घालत नाही. उगाच दंगा नको." आणि देवळातल्या मंडळींना सूट असल्याचं त्यांनी खाली लिहून दिलं. पिसवांना ती सूट वाचून दाखवावी, हे मात्र आम्हा दोघांपैकी कोणालाच सुचलं नाही.

जग सोडून बसलेल्या त्या बारा जणांनी जेवण सोडलं नव्हतं. त्यामुळे झोपड्यांतून रोज भाकरी-पिठलं देवळात जाई. नेणारी माणसं दोन अभंग ऐकत, प्रसाद घेत आणि परत झोपडीत येऊन लेकराबाळांत बसत. हुकूम सगळ्यांना लागू होता, फक्त तो रोज दोनदा देवळाच्या पायरीशी थांबत होता.

आठवड्याच्या आतच पुजाऱ्याला ताप भरला आणि काखेत गाठ आली. सोनाळ्याला आपलं कीर्तन ठरलेलं आहे, ही आठवण महाराजांना नेमकी त्याच दुपारी झाली. "वीणा सांभाळा," असं सांगून ते बैलगाडीत बसले. त्यांचा पहारा माझ्या काकांनी घेतला.

मी काकांना आणायला गेलो. ते वीणा गळ्यात घालून उभे होते, डोळे लाल झालेले.

"काका, चला आता. महाराजही गेले."

"त्यायचं कीर्तन हाय. मी कसा येऊ?"

"वीणेपेक्षा जीव मोठा आहे."

ते हसले. "तूच तं लिवलं ना बे, श्रद्धेवर सक्ती चालत नाही म्हून. वाचून दाखोलं आमाले सायबाच्या मान्सानं. लय गोड लिवलं."

मी एकटाच परत आलो. त्या रात्री पुजारी गेला आणि तिसऱ्या दिवशी काका. झोपड्यांतलीही चार माणसं गेली. चौघंही भाकरी नेणारी. त्यांनी सूट मागितली नव्हती.

काकांचं उरकून मी तसाच मलकापूरला चालत गेलो आणि दुसरा अर्ज दिला. दोनच ओळींचा. सूट रद्द करा, माणसं बाहेर काढा. अक्षर इतकं वाईट आलं होतं की कारकुनानं मला ते मोठ्यानं वाचायला लावलं.

दुसऱ्या दिवशी दोन शिपाई आले. ज्या दंग्याच्या भीतीनं सरकारनं सूट दिली होती, त्या दंग्याची मीही वाट पाहत होतो. शिपाई म्हणाला, "चला बाहेर." उरलेल्या नऊ जणांपैकी वीणा धरलेला एक सोडून सगळे उठले आणि आपापली घोंगडी झटकू लागले. दंगा झाला तो एवढाच. त्यांतला एक जण पायऱ्या उतरताना मला म्हणाला, "आधीच कोनी हात धरून काढलं असतं तं कवाचे निंगालो असतो, मास्तर. आपल्या मनानं कसं निंगाव? लोक काय म्हनतीन?"

अडलं ते वीणेपाशी. ती धरून उभा असलेला माणूस तापानं थरथरत होता, आणि घ्यायला कोणी पुढे येईना. काकू झोपडीतून शिपायांच्या मागोमाग आली होती. तिनं हात पुढे केला.

"द्या इकडं."

"बाईमानसानं वीणा धराव?" एकानं विचारलं.

"खाली ठेवाची नाही, हेच हाय ना? मंग मी चालून राह्यली."

आणि ती वीणा गळ्यात घालून, एका बोटानं तार छेडत, वेशीबाहेर गेली. पुढे महिनाभर झोपड्यांत एकच चर्चा होती, बाईच्या हातानं वीणा बाटली की नाही. मेलेल्या माणसांवर इतकं कोणी बोललं नाही.

होळीनंतर गाव पुन्हा वसलं. महाराज सोनाळ्याहून परत आले, अंगानं थोडे भरलेले. वीणा अखंड राहिली म्हणून त्यांचा सत्कार झाला. हार पाटलांनी घातला. मौलवींनाही बोलावणं होतं. ते आले आणि मागे उभे राहिले.

सगळे पाया पडत होते, तेव्हा काकूही रांगेत आली. पाया पडली नाही. तिनं विचारलं, "महाराज, कीर्तन कसं झालं तुमचं?"

"उत्तम झालं, माय. खूप मंडळी होती."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पदर खोचून शेताकडे निघून गेली. फरदडीचा शेवटचा कापूस वेचायचा राहिला होता.