मुरूम कमी, कागद फार

सडकेच्या कामावर आयुष्य घालवलेल्या माणसाला किस्से शोधायला जावं लागत नाही. खडीचे जसे रस्त्याच्या कडेला ढीग पडलेले असतात, तसे तेही मैलामैलावर पडलेले असतात. खडी निदान कोणीतरी उचलून पसरतं. किस्से आमच्या कचेरीत कोणी उचलले नाहीत, आणि आता म्हातारपणी ते सगळे माझ्याच ओसरीवर येऊन पडलेत. तुम्ही मंडळी जमलाच आहात, तर चार टोपल्या उचला.

तेव्हा अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस बंद झाला आणि विलायतेतल्या गिरण्यांना एकाएकी वऱ्हाड आठवलं. अमरावतीत कापूस ठेवायला जागा पुरेना. लोकांनी देवघर सोडून घरातल्या सगळ्या खोल्या भरल्या. पण हा कापूस रेल्वेपर्यंत न्यायचा कसा? सडका तर नव्हत्याच. म्हणून सरकारने सडक कचेरी काढली. गावात रिकामी खोली नसल्यामुळे कचेरीला एक जुना तबेला मिळाला. नकाशाचं टेबल आम्ही गव्हाणीवर फळ्या टाकून केलं होतं.

मी तिथे दुभाषा कारकून. आमचे साहेब इंग्रज इंजिनिअर, तरुण, मनाचे चांगले, पण वऱ्हाडात नवे. ओव्हरसिअर गोपाळराव पुण्याचे. आमच्याकडचा माणूस त्यांना खुशाली विचारायचा, तरी त्यांना वाटायचं भांडायलाच आलाय. आणि मुकादम किसनजी. त्यांना लिहिता येत नव्हतं, पण मूठभर माती हातात घेऊन ती कोणत्या गावची ते सांगायचे.

*

पहिली पाहणी झाली वैशाखात. काळी माती तेव्हा उन्हाने अशी कडक झाली होती की साहेबांनी हातातली काठी आपटली तर काठीच तडकली. साहेब खूष झाले. म्हणाले, इथे निसर्गाने निम्मी सडक करूनच ठेवली आहे, वर बोटभर मुरूम टाकला की झालं.

किसनजी मला म्हणाले, "साहेबाले सांग, हे माती आषाढात पाहा म्हना. आता ते झोपली हाये."

साहेबांचा आनंद पाहून माझी जीभ रेटेना. मी भाषांतर केलं, "मुकादमांनाही माती पसंत आहे."

आषाढात साहेब त्याच जागी दमणीतून पोचले. बैल गुडघ्यापर्यंत रुतले, म्हणून साहेब खाली उतरले आणि तेही रुतले. गाडीवानाने आणि मी दोन्ही हातांना धरून त्यांना वर ओढलं. साहेब आले, बूट राहिले. नुसत्या मोज्यांवर दमणीत बसून त्यांनी मला विचारलं, मुकादम त्या दिवशी खरं काय म्हणाला होता? मी सांगून टाकलं. साहेबांनी मोजे काढून पिळले. मग त्यांनी हुकूम केला की यापुढे जो जे बोलेल ते जसंच्या तसं सांगायचं, शब्द कमी नाही की जास्त नाही.

*

तो हुकूम पहिल्यांदा लागू झाला चांदूर बाजाराच्या बाजूला. सडकेची लाईन नकाशावर पट्टीने ओढलेली होती, आणि ती नेमकी गोदाबाई नावाच्या माळणीच्या विहिरीवरून जात होती. बाई एकटी, नवरा वारलेला. त्या विहिरीच्या पाण्यावर तिची वांगी, मिरच्या आणि दोन लेकरं जगत होती. आमच्या लोकांनी लावलेल्या खुंट्या ती रोज उपटायची आणि चुलीत घालायची.

शेवटी साहेब स्वतः गेले. सरकारची सडक सरळच असली पाहिजे, विहिरीचा मोबदला मिळेल, असं त्यांनी समजावून सांगितलं. गोदाबाईने हातातला विळा खाली ठेवला नाही.

ती म्हणाली, "सरकारले म्हना, सडक वाकू शकते. इहीर वाकत नाई."

मी शब्द कमी केला नाही की जास्त केला नाही. साहेबांनी विहिरीत वाकून पाहिलं, बाईकडे पाहिलं, आणि नकाशावरची लाईन स्वतःच्या हाताने खोडली. परत येताना गोदाबाईने त्यांच्या टोपीत चार वांगी घातली.

महिन्याभरात वरच्या कचेरीचा सवाल आला की एवढ्या सपाट मुलखात सडकेला हे वळण कशासाठी? साहेबांनी खरं लिहायचं की खोटं लिहायचं, यावर दोन दिवस विचार केला. मग एका ओळीत जवाब गेला, "त्या ठिकाणी अतिशय कठीण पदार्थ आडवा आला. तो फुटण्यासारखा नव्हता."

*

मग वरून हुकूम आला की सडक मंजूर होण्याआधी त्या वाटेवरून किती बंड्या, म्हणजे बैलगाड्या, जातात ते मोजा. धामणगावच्या वाटेवर एका चिंचेखाली मला बसवलं. सोबत पट्टेवाला, त्याच्या छातीवर पितळी बिल्ला. आम्ही पंधरा दिवस बसलो. कापसाचा ऐन हंगाम, आणि वाटेवर चिटपाखरू नाही. पट्टा पाहून लोकांना वाटलं सरकारने नवीन कर बसवला, आणि सगळ्या बंड्या लांबून वावरातून जाऊ लागल्या. पंधरा दिवसांत एक बंडी आली. तिचा हाकणारा झोपला होता, बैलांनी आणली.

मी रिपोर्ट लिहिला, "बंडी एक." जवाब आला की वाहतूक नाही, सबब सडकेची गरज नाही.

किसनजींनी डोकं चालवलं. पट्टेवाल्याला परत पाठवलं, माझी टोपी काढून डोक्याला मुंडासं बांधलं, आणि चिंचेखाली बैलांसाठी पाण्याची डोण भरून ठेवली. दुसऱ्या दिवसापासून बंड्यांची अशी रांग लागली की मोजता मोजता माझी शाई संपली. पुढच्या खुणा मी कोळशाने केल्या. पुन्हा रिपोर्ट गेला. आता मंजुरी येणारच म्हणून गोपाळरावांनी कामाची यादीसुद्धा करून ठेवली.

जवाब आला, "पंधरा दिवसांत वाहतूक एवढी वाढली, यावरून सध्याची वाट उत्तम असल्याचं सिद्ध होतं. सबब सडकेची गरज नाही."

*

एकदा एक छापील फॉर्म आला. सडका किती, पूल किती, आणि तिसरा रकाना, बंदरं किती. गोपाळरावांनी तिथे "निरंक" लिहून पाठवलं. फॉर्म परत आला, बंदर नसल्याचं कारण लिहा. गोपाळरावांनी लिहिलं, "समुद्र नाही." तो पुन्हा परत आला. समुद्र केव्हापासून नाही, आणि त्याबाबत आजवर काय तजवीज केली, ते कळवावं.

गोपाळराव दोन दिवस जेवले नाहीत. नोकरी जाते असंच त्यांना वाटत होतं. तेव्हा किसनजी त्यांना म्हणाले, "राव, जीव काहून जाळता? पूर्णेवर शिवराम भोयाचा डोंगा हाये ना. लिवा एक."

लिहिलं. बंदर एक, जहाज एक. वरून शाबासकी आली आणि सोबत भरती-ओहोटीचं जाड रजिस्टर आलं. रोज दोनदा भरायचं. शिवरामला लिहिता येत नव्हतं. दर बाजाराच्या दिवशी तो कचेरीत येऊन आठवड्याची हकीकत सांगायचा आणि मी त्याच्याच शब्दांत लिहायचो. "भरती नाई. ओहोटी बी नाई. पानी जसंच्या तसं हाये." उन्हाळ्यात त्याने सांगितलं, "पानी गेलं. कोठी गेलं ते सांगून नाई गेलं."

वर्षअखेर रजिस्टर तपासून आलं. खाली शेरा होता, "या बंदरात वर्षभरात एकही जहाज बुडालं नाही. इतर बंदरांनी याचा कित्ता गिरवावा."

*

पुलाचा किस्सा छोटा आहे. अमरावतीजवळच्या एका नाल्यावर आम्ही तीन कमानींचा देखणा दगडी पूल बांधला. पहिल्याच पुरात नाल्याने आपली वाट बदलली आणि तो पुलाच्या बाजूने वाहू लागला. पूल कोरडा उभा. लोक बिचारे पूर्वीसारखेच पाण्यातून जायचे आणि पलीकडे पोचले की कमानीखाली सावलीत कपडे वाळवायचे. साहेबांना फार लागलं ते. तीन दिवस तंबूबाहेर आले नाहीत.

मोठे साहेब इन्स्पेक्शनला आले. त्यांनी पूल वरून पाहिला, खालून पाहिला, दगड ठोकून पाहिले. त्यांचा रिपोर्ट मी स्वतः उतरवून घेतला. "बांधकाम उत्कृष्ट. पुराचा पुलावर कसलाही परिणाम झालेला नाही."

*

आता शेवटचा सांगतो.

अकोटाहून हिवरखेडला जाणारी वाट म्हणजे पावसाळ्यात नुसता चिखल. एका भादव्यात आम्ही त्या बाजूला मोजणीला गेलो होतो. वाटेत एक बंडी आखापर्यंत रुतलेली. आत रुखमा नावाची बाई कळा देत होती. तिचा नवरा महादू बैलांच्या शेपट्या पिरगाळून थकला होता आणि चिखलातच बसून राहिला होता. सुईण मागच्या गावात, अर्ध्या कोसावर. तिला आणायला गेलेला माणूस परत आला नव्हता.

किसनजींनी गडी बोलावले. वीस जणांनी ती बंडी बाईसकट खांद्यावर घेतली आणि उंचवट्यावर ठेवली. वर आमची राहुटी ताणली. साहेब घोड्यावर बसून गेले, आणि आले तेव्हा घोड्यावर सुईण होती, साहेब लगाम धरून चिखलातून चालत होते. सुईण म्हातारी होती, घोड्यावर कधी बसलेली नव्हती. सगळ्या वाटेने ती त्यांना रागावत होती. "हळू चाल ना बापू, पाडतं का मले?"

मग आम्ही सगळे पावसात उभे राहिलो. गोपाळराव डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. साहेबांची छत्री राहुटीच्या फटीवर धरलेली होती आणि ते स्वतः भिजत होते. फार वेळ गेला. आतून बाई ओरडायची थांबली तेव्हा महादूने माझा हात धरला, तो अजून आठवतो. मग लेकरू रडलं. मुलगी होती. दोघी सुखरूप.

साहेबांनी विचारलं, या वाटेचा प्रस्ताव पाठवला नव्हता का? गोपाळराव म्हणाले, दोन वर्षांपूर्वी पाठवला, जवाब नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं, मंजुरीशिवाय आपण काय करू शकतो? गोपाळरावांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, फक्त दुरुस्ती.

"पण सडकच नाही, तर दुरुस्ती कशाची?" साहेब म्हणाले.

गोपाळराव म्हणाले, "साहेब, दुरुस्तीच्या फॉर्मात सडक आहे की नाही, हे विचारलेलं नाही."

तीन वर्षं आम्ही त्या नसलेल्या सडकेची दुरुस्ती केली. आधी दोन्ही बाजूंना चर खणून दुरुस्ती केली, मग दगड भरून केली, मग मुरूम टाकून केली. नाल्यांवर मोऱ्या बांधल्या, त्याही दुरुस्तीच. महादू दर उन्हाळ्यात आपली बैलजोडी घेऊन कामावर यायचा. तोवर अमेरिकेतली लढाई संपली, कापसाचा भाव पडला, आणि ज्या व्यापाऱ्यांनी सडकेसाठी अर्जांवर अर्ज केले होते ते कचेरीकडे फिरकेनासे झाले. सडकेवरून मात्र बंड्या जात राहिल्या. कोणी माहेरी चाललेलं, कोणी भाजी घेऊन, कोणी आजारी माणसाला घेऊन.

शेवटच्या मैलाचं काम चालू होतं. श्रावण होता, पाऊस लागून राहिलेला. आमचा मुक्काम हिवरखेडाबाहेर. दुपारी टपालाचा हरकारा आला आणि त्याने मोठ्या मोहरेचा लिफाफा साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी वाचला आणि गोपाळरावांना दिला. गोपाळरावांनी वाचला आणि मला दिला. मी किसनजींसाठी मोठ्याने वाचला. पाच वर्षांपूर्वीच्या प्रस्तावाचा जवाब होता. अकोट ते हिवरखेड या भागातली काळी माती पाहता तिथे सडक होणं अशक्य आहे, तरी काम सुरू करू नये.

साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मग त्यांचं लक्ष हरकाऱ्याकडे गेलं. तो आमच्या माठातलं पाणी पीत होता. साहेबांनी माझ्याकडून त्याला विचारलं, अकोटाहून केव्हा निघालास?

"आज सकायीच निघालो जी."

पावसाळ्यात तर दोन-दोन दिवस लागायचे, आज एवढ्या लवकर कसा आलास?

हरकाऱ्याने चिखल न लागलेल्या आपल्या जोड्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाकिटावर जरुरी लिवलं होतं जी. आन् सडक चांगली हाये."