धुक्यातल्या हाकेला ओ

परवा कळव्यात माझीच गोष्ट मला आडवी आली... आणि मी घाबरलो.

मी ठाण्याच्या शाळेत मास्तर. ठाण्याला आगगाडी पहिल्यांदा आली तेव्हा पाच-सहा वर्षांचा होतो. ते धूर ओकणारं धूड पाहून आईच्या पदराआड लपलो होतो. तेव्हापासून जे नाही ते डोळ्यांपुढे आणायची खोड लागली. आता एका मासिकात अद्भुत गोष्टी लिहितो.

गेल्या महिन्यातली गोष्ट खाडीवरच्या धुक्याची होती. ते धुकं माणसाच्या आवाजात हाक मारतं. जो ओ देईल तो नाहीसा होतो... काठावर नुसते कपडे उरतात.

कळव्याच्या माझ्या मेहुण्यांनी ती ओटीवर मोठ्याने वाचून दाखवली. ऐकणाऱ्यांनी घरोघरी नेली. गोष्ट म्हणून नव्हे, बातमी म्हणून!

परवा मी मेहुण्यांकडेच मुक्कामाला होतो. सकाळी खाडीवर गेलो तर दाट धुकं. काठावर कोळीवाड्यातली माणसं गप्प उभी... आणि धुक्यातून हाका येत होत्या.

होडी घेऊन गेलेला हिराजी वाट चुकला होता. ओहोटी लागलेली. काठावरून कुणी साद दिली तरच त्याला दिशा कळणार, नाहीतर पाणी त्याला ओढून नेणार. पण कुणीच ओ देईना.

"अहो, ते सगळं खोटं आहे! मीच लिहिलंय ते!" मी म्हणालो.

हिराजीची बायको बायजा माझ्याकडे वळली. "तुमीच लिवलंय ना मास्तर? मंग तुमीच द्या ओ."

ओ द्यायला मी दोन पावलं पुढे गेलो... आणि तिथेच थांबलो. मनात आलं, ही हाक हिराजीची नसलीच तर?

हाका लांब जाऊ लागल्या. बायजाने पदर खोचला, गुडघाभर चिखलात उतरली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "ओ! हिकरं या! हिकरं!"

हाका थांबल्या. माझ्या गोष्टीतही ओ मिळताच हाका अशाच थांबतात... आणि मग काठावर कपडे उरतात.

मग वल्ह्याचा आवाज आला. धुक्यातून होडीचं टोक दिसलं. "सगली मेलाव का काय?" हिराजी कडाडला, आणि बायजा तिथेच चिखलात बसून रडू लागली.

लोकांना भीती घालता येते, याचा मला केवढा अभिमान होता! घातलेली भीती परत काढायची कशी, ते मात्र मला येत नाही. बायजाचे उपकार... घाबरली तीही होती, पण ती उतरली.