लिन मॅडमसमोरचा डाव

सांगलीहून निघताना बुद्धिबळ क्लबातल्या मंडळींनी बजावलं होतं, "नात मास्टर झाल्याशिवाय परत येऊ नका." ही जबाबदारी आणि भडंगाची (आमच्याकडचे तिखट कुरमुरे) पाकिटं घेऊन मी डॅलसला उतरलो.

लेक मंजिरी जवळच फ्रिस्कोत राहते. गाव सपाट, रस्ते रुंद, घरं एका साच्यातली. पायी चालणारा माणूस दिसला तर तो बहुधा कुणाचा तरी भारतातून आलेला बाप असतो.

नात इराची स्पर्धा एका हॉटेलात होती. इथे पट, मोहरे, घड्याळ खेळाडूंनी घरून आणायचं. लग्नाला बोलावून पाट-ताट घेऊन या म्हणण्यातलाच प्रकार! इराला शिकवणाऱ्या लिन मॅडमही खेळत होत्या. मूळच्या चीनच्या, ग्रँडमास्टर.

जेवणाच्या सुट्टीत त्या आमच्यात येऊन बसल्या. लहानपणीच घर सोडून क्रीडाशाळेत गेल्या, शाळकरी वयात ग्रँडमास्टर झाल्या, देशासाठी खेळल्या. मग शिष्यवृत्तीवर अमेरिका, आणि आता शिकवण्या.

"मोठ्या स्पर्धा का सोडल्या?" मी विचारलं.

"एकदा प्रशिक्षकांनी संघातल्या मैत्रिणीकडून मुद्दाम हरायला सांगितलं. हरले. पुढे पटावर बसलं की तोच डाव आठवायचा."

भडंगातले शेंगदाणे वेचत त्यांनी हे हवापाण्याच्या गप्पांसारखं सांगितलं.

शेवटच्या फेरीत नेमकी इराची गाठ त्यांच्याशीच पडली. बरोबरी झाली तरी इराला मास्टर किताब मिळणार होता. मंजिरीने मॅडमना कॉरिडॉरमध्येच गाठलं.

"मॅम, पटकन ड्रॉ करून टाका ना. तुमचं काय जातंय?"

"पटावर गरज पडली तर मीच मागेन," मॅडम म्हणाल्या आणि आत गेल्या.

खरं सांगतो, मलाही तो ड्रॉ हवा होता.

पालकांना आत प्रवेश नव्हता. कॉफीमागून कॉफी झाली. शेवटी इरा बाहेर आली ती डोळे पुसत. हरली होती. मागोमाग मॅडम आल्या. दोघींनी तिथेच गालिच्यावर पट पसरला आणि पहिल्या खेळीपासून डाव पुन्हा मांडला. मंजिरीने तिकडे पाठ फिरवली.

गाडीत ती भडकली. "एक ड्रॉ देववला नाही बाईंना! उद्याच क्लास कॅन्सल करते."

"शी ऑफर्ड, मॉम," मागून इरा म्हणाली. "तिचा हत्ती गेला तेव्हा. मीच नो म्हटलं."

"अगं, का?"

"आय वॉज विनिंग!"

क्लास मात्र चालू राहिला. माझ्या मनात त्या डावाची हळहळ होती, ती विमानात कुठेतरी विरली.

सांगलीत पोचल्यावर क्लबात गेलो. पायरी चढतो न चढतो तोच प्रश्न आला, "काय, झाली का नात मास्टर?"

"नाही," मी म्हणालो. "पण एका ग्रँडमास्टरने तिच्याकडे बरोबरी मागितली, आणि पोरीने दिली नाही."

मंडळींनी मला बसायला खुर्ची दिली.