पाण्याची हाक आणि मंदाची नोकरी

आटपाट गल्ली होती, शहागंजच्या मागं. मधी चौक, भोवती गोल घरं. तिथं मी, शेजारी वच्छी, अन् फिरून शेवटची शाहिदाबी, जिची भिंत माझ्याच भिंतीला लागलेली. असल्या गल्लीत किस्से सकाळी झाडून काढले तरी संध्याकाळी पुन्हा साचतात.

माझी नात मंदा कॉम्प्युटर शिकली, पण मुलाखतीत साहेबापुढं बोबडी वळायची. चितेगावच्या कंपनीचं बोलावणं आलं तशी म्हणाली, "आजी, यंदा बी गप्प बसले तर परत अर्ज करणार नाय. ते पाण्याचे किस्से सांग. सर्क्युलर लिंक्ड लिस्ट म्हणत्यात ते आपल्या गल्लीसारखंच असतं. माहितीचे डबे, प्रत्येकाला फक्त पुढच्याचा पत्ता, अन् शेवटच्याला पहिल्याचा."

मग सांगितले.

*

नळाला पाणी आलं की ज्याला कळलं त्यानं फक्त पुढच्या घराला हाक द्यायची. पहिल्या दिवशी मी वच्छीला दिली. फिरत फिरत शाहिदाबी माझ्या दारात, "काकी, पानी आया." मी घाईनं पुन्हा वच्छीकडं. ती म्हणाली, "मघाशीच भरलं, पण तुम्ही म्हणताय तर…" अन् हाक पुढं गेली. नळ गेला तरी हाक फिरतच होती!

तवापासून पहिली हाक देणारीनं उंबऱ्यावर हंडा पालथा घालायचा. हंडा दिसला की थांबायचं.

*

वच्छी सिल्लोडला लग्नाला गेली. मी खिडकीतूनच ओरडून मोकळी, कुलूप कोण बघतंय? पुढची सगळी घरं कोरडी. वच्छी परतली तशी शाहिदाबी तिला म्हणाली, "जाना है तो जा, लेकिन काकी को बोल के जा, तेरे बाद किसको पुकारना."

*

माझ्या अन् वच्छीच्या मधल्या खोलीत नीता राहायला आली. मी तिला हाक दिली, पण तिनं पुढं कुणाला द्यायची ते सांगायचंच राहिलं. तिनं पाणी भरलं अन् दार लावून घेतलं. वच्छी बादली आपटत आली, "नवी आली म्हणून जुनी मेली व्हय?"

*

मुलाखतीत साहेबांनी नेमकं तेच विचारलं, गोल यादीत नवा डबा कसा घालायचा. मंदाची बोबडी वळणारच होती, पण तिला आपली गल्ली आठवली. मग म्हणाली, "सर, आधी नव्या नीताला सांगायचं की तुझ्यापुढं वच्छीमावशी. मगच आजीला सांगायचं की आता नीताला हाक दे. उलटं केलं तर वच्छीमावशी बादली आपटते."

साहेब लई हसले. म्हणाले, "कधीपासून येताय?"

*

मी सवयीनं हंडा पालथा घातला अन् नीताला बातमी दिली. गोल फिरून शाहिदाबी आली, हंडा दिसत असून बी, मुठीत साखर घेऊन. "काकी, सुना क्या? अपनी मंदा को नौकरी लगी."

"व्हय का? कधी?" मी ठाऊकच नसल्यागत म्हणाले.

साखर खाल्ली, हंडा उचलून आत ठेवला, अन् गेले नीताच्या खिडकीशी.