वालावरचे राखणदार

सारजाबाईंनी स्वतःची चूक कबूल केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. भाकरी करपली तर तवा खोटा, दूध उतू गेलं तर गॅस खोटा. फुलंब्रीजवळच्या गावात चाळीस वर्षं शेती केलेली ही बाई. दोन वर्षांपूर्वी शहरात, गारखेड्यात मुलाकडे, ऋतुराजकडे, राहायला आली ती एक पोतं माती आणि बियाण्याचं गाठोडं घेऊनच. मागून टोपी सावरत यजमान आले, सांडू. पहिल्याच वर्षी गच्चीवर थर्माकोलची खोकी, रंगाचे डबे आणि एक फुटकी टाकी यांत वांगी, मिरच्या, मेथी आणि वाल डोलू लागले. शेजारच्या आप्पासाहेबांनी काळजीनं विचारलं, "गच्ची गळंल ना हो?" तर म्हणाल्या, "गळली तर भाजीसकट गळंल. तुमाला बी मिळंल."

यंदा वालाला मोठा मान होता. सून तनुजा सात महिन्यांची गरोदर, आणि तिला डोहाळे लागले होते गच्चीवरच्या वालाच्या शेंगांचे. विकतची भाजी समोर आली की तोंड फिरवायची. मार्गशीर्षात डोहाळजेवण ठरलं, गुलमंडीच्या बाजारातून हिरवी साडी आली, आणि सारजाबाईंनी जाहीर करून टाकलं, "ताटात वाल माझाच असंल."

मग तीन दिवस आभाळ आलं, आणि आभाळामागून मावा, रस शोषणारी बारीक काळी कीड. वालाचे कोवळे शेंडे काळेभोर झाले, पानं चिकट झाली, फुलं गळायला लागली. डोहाळजेवणाला पंधरा दिवस उरले होते.

"एक पंप मारला का साफ," सांडू म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी गावाकडून औषधाची सीलबंद बाटली आणि जुना फवारणीचा पंप घेऊनच आले. त्यांचा औषधावर भारी भरवसा.

सारजाबाईंनी बाटली हातानं लांब सारली. चौतीस वर्षांपूर्वी, पाचवा महिना असताना, त्यांनी दिवसभर कपाशीत सांडूंच्या पंपात पाणी ओतलं होतं. त्याच आठवड्यात ते मूल गेलं. औषधानंच गेलं की आणखी कशानं, हे कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. सांडूंनी तर त्या दिवसाचं नावच पुन्हा काढलं नाही. पण सारजाबाईंच्या मनातून औषधाचा तो वास कधी गेला नाही.

"सुनंच्या ताटात जाणाऱ्या शेंगंवर थेंब पडू देणार नाय," त्या म्हणाल्या.

"मंग मावाच वाढ तिला," सांडू म्हणाले. "आठ दिस देतो. नवव्या दिशी पंप घिऊन वर येणार."

सारजाबाईंनी पदर खोचला. सकाळी पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून पानांच्या खालून जोराचं पाणी मारलं. फारच माखलेले शेंडे खुडून पिशवीत बांधून टाकले. निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवल्या, गाळल्या, त्यात रिठ्याचा थोडा फेस मिसळला. आधी दोनच पानांवर मारून पाहिलं, पानं करपली नाहीत, तेव्हा ऊन उतरल्यावर सगळ्या वेलाला. दोन दिवसांत मावा निम्मा झाला. "आता बघा," असं त्यांनी जिन्यातूनच ओरडून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी वेलावर भलतेच किडे दिसले. काळे, अंगावर काटे, मध्ये केशरी ठिपके, आणि चाल अशी तुरुतुरु की अंगावर शहारा यावा. सारजाबाईंनी आयुष्यभर कपाशीवरच्या अळ्या हातानं वेचलेल्या. त्यांना कोण शिकवणार? साबणाच्या पाण्याचं वाडगं घेऊन त्या रोज सकाळी वेचायला बसल्या आणि वाडगं भरलं की खाली नेऊन सांडूंना दाखवायच्या. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला किडा दिसला तर मात्र हळूच बोटावर घेऊन पुन्हा पानावर सोडायच्या. तो मावा खातो हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

आणि मावा वाढतच गेला.

सातव्या दिवशी दुपारी त्या गच्चीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. समोरच्या वांग्याच्या पानावरही थोडा मावा चढला होता आणि तिथला एक काटेरी किडा वेचायचा राहून गेला होता. हात पुढे केला आणि थांबल्या. त्यानं माव्यातला एक उचलला, चावून संपवला, दुसरा धरला. सारजाबाईंचे दाणे तसेच राहिले. शेजारच्या पानावर तसलाच एक आकसून चिकटलेला होता. त्याची पाठ उकलली आणि आतून पिवळट, ओलसर किडा बाहेर आला. ऊन कलेपर्यंत तो लाल झाला, पाठीवर ठिपके उमटले.

सारजाबाई कपाळाला हात लावून बसल्या. रोज ज्याला जपत होत्या, त्याचीच लेकरं वाडग्यात बुडवत होत्या.

त्यांनी मग वेलाकडे नीट पाहिलं. मुंग्यांची रांग माव्यापर्यंत गेलेली, आणि काटेरी किडा जवळ आला की त्याला हुसकावून लावत होत्या. मावा सोडतो त्या चिकट गोड रसासाठी मुंग्या त्याची राखण करत होत्या. हे मात्र स्वयंपाकघरातलं दुखणं होतं. दुधाच्या पातेल्याला मुंग्या लागू नयेत म्हणून ते पाण्याच्या परातीत ठेवतात, तसं त्यांनी वालाचं खोकं विटांवर चढवलं आणि विटा पाण्याच्या पराती-घमेल्यांत ठेवल्या. भिंतीला टेकलेल्या फांद्या सोडवल्या. निंबोळीचा फवारा बंद केला, किड्यांना त्रास नको म्हणून.

नवव्या दिवशी सकाळी सांडू पंपात पाणी भरून वर आले. मावा कमी दिसत होता, पण होता. त्यांनी बाटलीच्या सीलला हात घातला.

"थांबा," सारजाबाई म्हणाल्या. "माझं चुकलं."

सांडूंचा हात जागीच राहिला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. ते काटेरी किडे आपले राखणदार व्हते. मीच मारले, वाडगं भरभरून. आता उरलेत त्यांना जगू द्या. औषध मारलं तर ते बी जातील."

सांडूंनी एक पान उलटून पाहिलं. मग पंपातलं साधं पाणी मेथीला ओतलं आणि बाटली तशीच पिशवीत घालून दुकानदाराला परत द्यायला निघून गेले.

पुढच्या सहा दिवसांत राखणदारांनी वेल धुतल्यासारखा केला. शेंगा फार नव्हत्या, एका वाटीपुरत्या. डोहाळजेवणाच्या दिवशी पुरणपोळी, कुरडया, पाच भाज्यांनी भरलेल्या ताटात सारजाबाईंनी ती वाटी तनुजासमोर ठेवली. बायकांची गाणी चालली होती. तनुजानं घास घेतला आणि डोळे मिटले. "आई, अशीच पाहिजे होती," ती म्हणाली.

दारात सांडू उभे होते. बायकांच्या कार्यक्रमात पुरुषांनी यायचं नसतं, पण आले होते. टोपी हातात होती.

"पोटभर खा, पोरी," ते म्हणाले. "त्याच्यावर काईच मारलेलं नाय." मग सारजाबाईंकडे वळले. "तवा बी मारायला नको व्हतं, सारजा. माझं चुकलं."

चौतीस वर्षांनी. सारजाबाईंनी पदर तोंडाला लावला, आणि तो त्यांनी बराच वेळ काढला नाही.